जुनी हार्डडिस्क काढली आणि पीसी बूटच होईना

आमचे पप्पा इचलकरंजीत हिशोबाचं काम करतात, यंत्रमागवाल्यांचे जीएसटी रिटर्न भरतात, आणि सगळं काम एका जुन्या डेस्कटॉपवर, विंडोज ७ च्या वेळचा पीसी, नंतर त्यालाच अपग्रेड करून विंडोज १० केलेलं. गेले काही महिने टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडायलाच चार-पाच मिनिटं लागायची. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून बघितलं तर हार्डडिस्कला पिवळा कॉशन, पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारा भाग) दाखवत होता, म्हणजे डिस्कचा काही भरवसा नाही. म्हणून ४८० जीबीची साटा एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणली आणि ठरवलं की क्लोनच करायचा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, कारण विंडोज नवीन टाकलं तर टॅली, प्रिंटर, डिजिटल सिग्नेचरचं टोकन सगळं पहिल्यापासून बसवावं लागणार आणि पप्पांचं काम दोन दिवस बंद.

जुनी डिस्क ५०० जीबीची, नवी ४८० ची. अख्खी डिस्क क्लोन करायला गेलो की सॉफ्टवेअर सांगायचं जागा कमी आहे. मग मी फक्त सी ड्राइव्ह निवडून तेवढाच क्लोन केला, राहिलेल्या जागेत दुसरं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) केलं आणि डी मधला डेटा साधा कॉपी-पेस्ट केला. सी च्या आधी १०० एमबीचं सिस्टीम रिझर्व्हड नावाचं एक बारकं पार्टिशन दिसत होतं, त्यात आपलं काहीच नाही म्हणून सोडून दिलं. सगळी गोची तिथंच झाली होती, पण हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

कारण दोन्ही डिस्क लावलेल्या ठेवून, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा, कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते ठरवणारा प्रोग्रॅम) एसएसडी पहिल्या नंबरला करून पीसी चालू केला तर विंडोज व्यवस्थित आलं! मला वाटलं झालं काम. पप्पांनी दिवसभर बसून बिलांच्या एंट्र्या मारल्या. संध्याकाळी म्हणाले, "अरे, मला काय फरक वाटत नाही बघ, टॅली आधीसारखीच लागतीय." तेव्हा मला खटकायला पाहिजे होतं. मी म्हटलं, जुनी डिस्क फॉर्मॅट करून बॅकअपला ठेवू, मग वेग कळेल. नशीब की फॉर्मॅटच्या आधी तिची केबल काढून एकदा चालू करून बघितलं.

काळा स्क्रीन. रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस, म्हणजे सुरू व्हायला डिस्कच सापडेना. तारीख १०, आणि ११ ला महिन्याचे जीएसटीआर-१ (विक्रीचे रिटर्न) भरायचे. पप्पा काही बोलले नाहीत, नुसते खुर्ची ओढून शेजारी बसले, आणि मला त्याचंच जास्त टेन्शन आलं.

जुनी केबल परत लावली की पीसी सुरू, काढली की बंद. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडलं, जिथं सगळी पार्टिशनं दिसतात, तेव्हा उलगडा झाला. सिस्टीम असं लिहिलेलं होतं जुन्या डिस्कच्या १०० एमबीवर, आणि बूट असं लिहिलेलं होतं जुन्याच सी वर. म्हणजे दिवसभर पीसी जुन्या डिस्कवरच चालला होता, एसएसडी शेजारी नुसती बसून होती. आमचा पीसी लेगसी मोडचा, म्हणजे सुरू व्हायची जुनी पद्धत, आणि डिस्कची मांडणीही जुनी, एमबीआर. अशा पीसीत बायोस आधी डिस्कवरचं ॲक्टिव्ह पार्टिशन शोधतं, त्यातली बूटमॅनेजरची फाइल आणि बीसीडी (विंडोज कुठं आहे त्याची नोंद) मिळून मग विंडोज उचलतात. हे दोन्ही त्या १०० एमबीत होतं आणि मी तेच सोडलेलं, त्यामुळं एसएसडीवरून काही मिळेना की बायोस गुपचूप जुन्या डिस्ककडे जायचं.

दुसऱ्या पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला. बूट मेनूत तो दोनदा दिसतो, एक यूईएफआय (सुरू व्हायची नवी पद्धत) लिहिलेला आणि एक साधा, लेगसीसाठी साधा घेतला. स्टार्टअप रिपेअर दोनदा चालवलं, दोन्ही वेळा जमलं नाही म्हणून सांगितलं. मग कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे टाइप करून कमांड द्यायची काळी खिडकी.

इथं एक गोष्ट मनापासून सांगतो, डिस्कपार्ट (कमांड प्रॉम्प्टमधून पार्टिशन बदलायचं टूल) वापरताना जुनी डिस्क काढूनच ठेवा. ५०० ची डिस्क ४६५ आणि ४८० ची ४४७ असे जवळजवळचे आकडे दिसतात तिथं, रात्री अकरा वाजता डोळे चोळत चुकीचा नंबर सिलेक्ट झाला तर विषय संपला. मी एकटी एसएसडी ठेवली, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, लिस्ट पार्टिशन करून विंडोजचं पार्टिशन निवडलं आणि ॲक्टिव्ह अशी कमांड दिली. रीस्टार्ट केलं तर आता बूटमॅनेजर इज मिसिंग. पप्पा म्हणाले, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "पप्पा, हे चांगलंय, आता निदान आत शिरून शोधतंय तरी."

परत पेनड्राइव्हवरून आत गेलो. रिपेअर मोडमध्ये ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणून आधी डीआयआर (फोल्डरची यादी दाखवणारी कमांड) करून विंडोज फोल्डर कुठं आहे ते बघितलं, आमच्यात ते डी वर दिसत होतं. मग बूट फाइल्स नव्यानं तयार करणारी बीसीडीबूट कमांड, पुढं विंडोज फोल्डरचा पत्ता, मग एस चा स्विच लावून तोच ड्राइव्ह, आणि एफ चा स्विच लावून बायोस. बूट फाइल्स तयार झाल्या असा मेसेज आला, पेनड्राइव्ह काढला, चालू केलं, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत डेस्कटॉप समोर. पप्पा लगेच म्हणाले टॅली उघड, टॅली उघड.

टॅली उघडेना, कारण दुसऱ्या पार्टिशनला डी ऐवजी ई अक्षर मिळालेलं, ते डिस्क मॅनेजमेंटमधून बदललं. उघडली तर दिवसभरच्या एंट्र्याच नाहीत! असणार कुठून, त्या जुन्या डिस्कवर होत्या. ती फॉर्मॅट केली असती तर ४० बिलं पुन्हा मारावी लागली असती, आणि त्या रात्री ती मीच मारली असती, पप्पांना बसू दिलं नसतं. यूएसबी ॲडॉप्टरला जुनी डिस्क लावून टॅलीचा डेटा फोल्डर परत कॉपी केला, पप्पांनी शेवटचा व्हाउचर नंबर वहीशी ताडून बघितला, जुळला.

रिटर्न दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भरून झाले. जुनी डिस्क कव्हरमध्ये घालून, वर तारीख लिहून कपाटात ठेवलीय, पप्पा म्हणतात मार्चचे हिशोब होईपर्यंत तिला हात लावायचा नाही.