मोहर खुडणे आणि मुद्दाम हरणे

२०२५च्या मे महिन्यात एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टची (नव्या खेळाडूंच्या निवडीची) सोडत निघाली, त्या दिवशी संध्याकाळी सरावाच्या वेळी आमच्या मैदानावरच्या नववीतल्या एका मुलाने मला विचारले, "दादा, युटा सगळ्यात जास्त हरला तरी त्याला पाचवा नंबर, आणि डॅलसला पहिला. मग वर्षभर एवढं हरून मिळवलं काय?" दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात शाळेमागे सिमेंटचे एकच मैदान आहे, तिथे मी मुलांना बास्केटबॉल शिकवतो आणि त्यांच्यापैकी चार-पाच जण माझ्यासारखेच पहाटे उठून मोबाईलवर अमेरिकेतले सामने पाहतात. त्या मुलाला मी त्या वेळी दिलेले उत्तर अपुरे होते. तेव्हापासून हा विषय माझ्या मनात घोळत आहे, म्हणून आज तो सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे आयपीएलमध्ये किंवा प्रो कबड्डीत खेळाडूंचा लिलाव होतो आणि तळाला राहिलेल्या संघाला त्या तळाचा काही मोबदला मिळत नाही. एनबीएमध्ये तसे नाही. तिथे नव्या खेळाडूंची निवड संघांनी पाळीपाळीने करायची असते आणि दुबळ्या संघाला बळ मिळावे म्हणून पहिल्या पाळ्या हरलेल्या संघांकडे जातात. १९८४पर्यंत पूर्व आणि पश्चिम या दोन्ही विभागांतल्या तळाच्या संघांमध्ये चक्क नाणेफेक होत असे. ह्यूस्टनने १९८३ आणि १९८४ अशी सलग दोन वर्षे ती जिंकली, आधी राल्फ सॅम्पसन आणि मग हकीम ओलाजुवान हे दोघेही मिळवले आणि दुसऱ्या वर्षी हा संघ हंगामाच्या अखेरीस मुद्दाम हरत असल्याची उघड चर्चा झाली. म्हणून १९८५पासून सोडत आली. २०२५च्या सोडतीत चौदा चेंडूंतून चार चेंडू काढले. त्यांच्या १,००१ जुळण्या होतात, त्यांतली एक बाजूला ठेवून उरलेल्या हजार जुळण्या बाद फेरीबाहेर राहिलेल्या चौदा संघांना वाटलेल्या होत्या आणि पहिले चार क्रमांक अशा रीतीने ठरले. म्हाडाच्या घराची सोडत ज्याने अनुभवली आहे, त्याला ही धाकधूक वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

मुद्दाम हरण्याला तिथे 'टँकिंग' म्हणतात. एक गोष्ट इथेच स्पष्ट केली पाहिजे, ती अशी की मैदानात उतरलेला खेळाडू सहसा मुद्दाम हरत नाही, कारण त्याचा पुढचा करार त्याच्या खेळावर ठरतो. कुस्तीच्या फडात ज्याला आपण नुरा कुस्ती म्हणतो, तो हा प्रकार नव्हे. हरण्याची तजवीज कचेरीत होते. अनुभवी खेळाडू विकले जातात, मुख्य खेळाडूला किरकोळ दुखण्यासाठी आठवडेच्या आठवडे बसवून ठेवले जाते आणि उरलेल्यांना "जीव तोडून खेळा" असे सांगितले जाते.

या मार्गामागे अक्कल नाही असे मी म्हणणार नाही. क्रिकेटमध्ये अकरांत एक जण कितीही थोर असला तरी त्याला मर्यादा पडतात. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच जण असतात, ४८ मिनिटांच्या सामन्यात उत्तम खेळाडू ३५ मिनिटांहून अधिक काळ खेळतो आणि चढाई असो वा बचाव, दोन्हीकडे तोच असतो. त्यामुळे एका माणसाने संघाचे दैव पालटल्याची उदाहरणे या खेळात जितकी आहेत तितकी क्वचितच दुसरीकडे असतील. सॅन अँटोनियोने १९९६-९७ मध्ये, डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीने जवळजवळ पूर्ण हंगाम बाहेर असताना, ८२पैकी केवळ २० सामने जिंकले, सोडतीत पहिला क्रमांक पटकावला, टिम डंकनला घेतले आणि पुढे त्याच्यासह पाच विजेतेपदे मिळवली. शिवाय नवख्या खेळाडूचा पगार नियमाने बांधलेला असतो आणि मोठे खेळाडू आपण होऊन लहान शहरांकडे वळत नाहीत, त्यामुळे अशा शहरांच्या संघांना ड्राफ्टवाचून फारसा दुसरा मार्ग दिसत नाही.

परंतु त्याच १९९७ मध्ये बॉस्टनही होता, हे सांगायला लोक विसरतात. बॉस्टनने त्या हंगामात ६७ सामने हरून आपल्या इतिहासातला नीचांक गाठला होता, सोडतीत त्याच्याकडे दोन पाळ्या होत्या, डंकन मिळण्याची सर्वाधिक शक्यताही त्याचीच होती आणि हाती आले ते तिसरा आणि सहावा हे क्रमांक. २०१९पासून तर नियम आणखी कडक झाले. सर्वांत तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच, म्हणजे १४ टक्के, संधी मिळू लागली आणि अगदी शेवटच्या संघाच्या वाट्याला पाचवा क्रमांक येण्याची शक्यता जवळजवळ ४८ टक्के झाली. २०१९ ते २०२५ या सात सोडतींत सर्वांत तळाच्या संघाला पहिला क्रमांक एकदाही मिळाला नाही. २०२५ मध्ये युटाने ६५ सामने हरून पाचवा क्रमांक घेतला, तर ज्याची शक्यता अवघी १.८ टक्के होती त्या डॅलसला पहिला क्रमांक आणि त्यातून कूपर फ्लॅग मिळाला. आमच्या नववीतल्या मुलाला नेमके हेच खटकले होते.

क्रमांक मिळाला तरी पुढचा प्रश्न उरतोच. २००७ मध्ये पोर्टलंडने पहिल्या पाळीवर ग्रेग ओडन घेतला आणि केव्हिन ड्युरंट दुसरा गेला. ओडनचे गुडघे त्याला फार काळ साथ देऊ शकले नाहीत. उलट निकोला योकिच २०१४ मध्ये ४१वा निवडला गेला आणि यानिस अँटेटोकून्पो २०१३ मध्ये १५वा, आणि या दोघांनीही आपापल्या संघाला विजेतेपद मिळवून दिले. निवडणाऱ्याची नजर आणि निवडल्यानंतरची जोपासना यांचे मोल पाळीच्या क्रमांकाहून कमी नाही.

या सगळ्या वादाचे केंद्र मात्र फिलाडेल्फिया आहे आणि त्याच्याकडे नीट पाहिल्याशिवाय या विषयावर बोलू नये असे मला वाटते. २०१३ मध्ये सॅम हिंकी तिथे कारभारी झाले. त्यांच्या तीन हंगामांत संघाने १९, १८ आणि १० सामने जिंकले. म्हणजे २४६ सामन्यांत ४७ विजय. सलग २६ पराभव एका हंगामात झाले आणि त्यानंतर दोन हंगामांना जोडणारी सलग २८ पराभवांची साखळीही झाली. प्रेक्षकांना 'प्रक्रियेवर विश्वास ठेवा' असे सांगितले जात होते आणि अनेकांनी तो मनापासून ठेवलाही. त्यातून जोएल एम्बीड मिळाला, जो २०२३ मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि बेन सिमन्सही मिळाला. पण २०१७ मध्ये, हिंकी गेल्यानंतर, याच संघाने पहिली पाळी मिळवण्यासाठी बॉस्टनला आपला तिसरा क्रमांक आणि पुढची एक पाळी दिली, मार्केल फल्ट्झ घेतला आणि बॉस्टनने त्या तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम घेतला. एवढे सोसूनही एम्बीडच्या काळात २०२५पर्यंत फिलाडेल्फियाचा संघ बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यापुढे गेला नाही. २०१९ मध्ये टोरोंटोविरुद्ध सातव्या सामन्यात कवाय लेनर्डचा चेंडू रिंगवर चार वेळा आपटून आत पडला, त्या पहाटे मी ओसरीवर बसून तो सामना पाहत होतो आणि त्या संघाची मला खरोखर कणव आली.

बॉस्टनची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण २०२४चे त्याचे विजेतेपद ज्या टेटम आणि जेलन ब्राऊन यांच्या जोरावर आले, ते दोघेही तिसऱ्या क्रमांकावर निवडलेले असले तरी बॉस्टन त्यासाठी हरला नव्हता. २०१३ मध्ये बॉस्टनने आपले वयस्क तारे ब्रुकलिनला देऊन त्याच्या पुढच्या वर्षांच्या पाळ्या घेतल्या, ब्रुकलिन कोसळला आणि त्याच्या पराभवांचे पीक बॉस्टनने कापले. २०१६-१७ मध्ये तर बॉस्टन ५३ सामने जिंकून पूर्व विभागात अव्वल होता आणि सोडतीतला पहिला क्रमांकही त्याच्याच नावावर निघाला.

इथे मला माझ्या शाळेतली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझे मत केवळ आकड्यांवरून बनलेले नाही. सतरा वर्षांखालील जिल्हास्तरीय स्पर्धेत आमच्या गटातला शेवटचा सामना होता आणि आम्ही दोन्ही संघ उपांत्य फेरीत आधीच पोहोचलो होतो. गटात पहिला येणाऱ्याला पुढे तगडा प्रतिस्पर्धी मिळणार होता आणि दुसऱ्याला दुबळा. आमच्याबरोबर आलेल्या वडीलधाऱ्याने आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, "आज जिंकायची गरज नाही." आमच्या कप्तानाला उत्तरार्धात रिंगखाली एकदा पूर्ण मोकळी जागा मिळाली. तो चेंडू घेऊन तिथपर्यंत गेला, थांबला आणि चेंडू त्याने सरळ बाहेर टाकला. तो मैदानाकडेच्या जांभ्याच्या गडग्यावर आपटून परत त्याच्या पायाशी आला आणि तो त्याच्याकडे नुसता पाहत उभा राहिला. आमचा हिशेब बरोबर निघाला. आम्ही उपांत्य सामना जिंकलो आणि अंतिम सामन्यात हरलो, तोही प्रामाणिकपणे. पण पुढच्या वर्षभर तो कप्तान प्रत्येक सामन्याआधी मला विचारत असे, "आज खरं खेळायचंय ना?" तो हे चेष्टेने विचारत नव्हता. संघ म्हणून आम्ही जे गमावले ते त्या प्रश्नात होते, आणि कोणत्याही सोडतीत ते परत मिळाले नसते.

तरीही धीर धरणे आणि मुद्दाम हरणे यांत फरक करता आला पाहिजे, नाही तर प्रत्येक नव्या संघावर अन्याय होईल. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या बागेतली हापूसची बरीच जुनी झाडे उन्मळून पडली. पुढच्या पावसाळ्यात बाबांनी नवी कलमे लावली. दुसऱ्याच वर्षी थंडीत त्यांतल्या काही कलमांना मोहर आला आणि बाबांनी तो एकेक करून नखाने खुडून टाकला, कारण एवढ्या लहान वयात फळ धरले तर झाडाची वाढ खुंटते. बाहेरून पाहणाऱ्याला ते आलेले उत्पन्न हाताने घालवणेच वाटेल. पण त्याच कलमाभोवती बाबांनी आळे केले होते, पालापाचोळ्याचा थर दिला होता, वाऱ्याने हलू नये म्हणून कलम बांबूला बांधले होते, उन्हाळ्यात ते स्वतः कळशीने पाणी घालत होते आणि जोडाखालून येणारा रायवळ फुटवा दिसला रे दिसला की तो काढत होते. मोहर खुडला आणि बाकी काहीच केले नाही, तर दोन वर्षांत तिथे हापूसऐवजी रायवळाचे झुडूप उभे राहते.

ओक्लाहोमाचा संघ मला या अंगाने पाहण्यासारखा वाटतो. त्यानेही पराभव पत्करले, हे नाकारता येणार नाही. २०२०-२१ मध्ये त्याने २२ आणि पुढच्या वर्षी २४ सामने जिंकले आणि डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसकडून तो ७३ गुणांनी हरला, जो एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा फरक आहे. त्यातून २०२२च्या दुसऱ्या क्रमांकावर चेट होल्मग्रेन आला. परंतु २०२५च्या विजेतेपदाचा कणा असलेला शे गिल्जस-अलेक्झांडर २०१९ मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात क्लिपर्स या संघाकडून आलेला होता, जेलन विल्यम्स त्याच व्यवहारातून मिळालेल्या पाळीवर १२वा निवडला गेला आणि पराभवाच्या त्या दोन वर्षांत प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्ट यांना कोणी हात लावला नाही.

आता डेट्रॉइट, ज्याने मला सर्वांत जास्त विचार करायला लावले. २०२१ मध्ये त्याला पहिला क्रमांक मिळाला आणि केड कनिंगहॅम आला. इथपर्यंत हरण्याने काम केले असे म्हणता येईल. पण हरणे तिथे थांबले नाही. २०२२-२३ मध्ये १७ विजय, तळाचा क्रमांक आणि सोडतीत पाचवी पाळी. २०२३-२४ मध्ये १४ विजय, त्यात सलग २८ पराभव, पुन्हा तळ आणि पुन्हा पाचवी पाळी. ज्या प्रशिक्षकाशी सहा वर्षांचा करार केला त्याला एका हंगामानंतर काढावे लागले. त्यानंतर नवे प्रशिक्षक जे. बी. बिकरस्टाफ आले, टोबायस हॅरिस, टिम हार्डवे आणि मलिक बीझली असे मुरलेले खेळाडू घेतले गेले आणि त्याच कनिंगहॅमच्या संघाने २०२४-२५ मध्ये ४४ सामने जिंकले.

बाद फेरीत त्यांची गाठ न्यूयॉर्कशी पडली. त्यांच्यातला पहिला सामना धरून बाद फेरीतले सलग पंधरा सामने डेट्रॉइट हरला होता, असा विक्रम कोणत्याही संघाला नको असेल, आणि शेवटचा विजय २००८ मधला होता. दुसरा सामना आपल्याकडे २२ एप्रिलच्या पहाटे झाला. आंब्याच्या ऐन हंगामाचे दिवस होते, गाडी वाशीला जायची होती आणि मी पडवीत फळे वजनावारी लावून पेट्यांत पेंढा पसरत होतो. मोबाईल समोरच्या पेटीला टेकवून ठेवला होता. कनिंगहॅमने ३३ गुण केले. शेवटच्या मिनिटात सामना बरोबरीत असताना चेंडू डेनिस श्रोडरच्या हातात आला. तो २०१३ मध्ये १७वा निवडला गेलेला जर्मन खेळाडू, पुष्कळ संघ फिरून दोन महिन्यांपूर्वीच डेट्रॉइटमध्ये आलेला आणि त्यांच्या कोणत्याही सोडतीशी काडीचाही संबंध नसलेला. त्याने तीन गुणांच्या रेषेबाहेरून चेंडू टाकला आणि तो आत गेला. डेट्रॉइट १००-९४ असा जिंकला. सामना संपल्यावर कनिंगहॅम आधी त्याच्याकडेच धावेल असे मला वाटत होते, पण तेवढ्यात बाबांनी गाडी आल्याची हाक दिली आणि मला पेट्या उचलायला उठावे लागले.