डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता

शाळेत ज्यांनी ज्यांनी इंग्रजी व्याकरण घोकलंय त्या सगळ्यांना हा रोगी माहितीय. द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम. दुसरं उदाहरण गाडीचं, मी स्टेशनवर पोचण्यापूर्वी गाडी सुटली होती. आमचा पूर्ण भूतकाळ म्हणजे एवढाच, एक मेलेला पेशंट आणि एक सुटलेली गाडी. मी मराठी मिडियमची, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणलं २००० साली आणि मी नेमकी त्याच वर्षी पाचवीत गेले, म्हणजे जुन्या पद्धतीच्या शेवटच्या काही बॅचपैकी एक. सरांनी फळ्यावर लिहिलं, हॅड अधिक क्रियापदाचं तिसरं रूप, दोन क्रिया असतील तर आधी घडलेलीला हॅड, नंतरचीला साधा भूतकाळ. वहीत चौकट करून उतरवलं, परीक्षेत दोन मार्क मिळाले, विषय संपला.

मग बारावी, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, आणि मिरजेत एका खाजगी हॉस्पिटलात नोकरी. तिथं इंग्रजी लागतं ते नर्सेस नोट्स लिहायला, आणि ते इंग्रजी आपलंच असतं, पेशंट स्लेप्ट वेल, व्हायटल्स स्टेबल, नो फ्रेश कम्प्लेंट्स. दहा वर्षं ह्यावर निभावलं. कुणी कधी काळ विचारला नाही.

विचारला तो एका सकाळी. नाईट होती माझी. एका आज्जींना साडेपाचला उलटी झाली, चूळ भरायला लावली, जरा बरं वाटल्यावर दोन बिस्किटं दिली आणि सहाला बीपीची गोळी दिली, ती व्यवस्थित पोटात राहिली. नोट्समध्ये मी लिहिलं, व्हेन आय गेव्ह मॉर्निंग टॅबलेट, पेशंट व्हॉमिटेड. माझ्या डोक्यात होतं की गोळी दिली तेव्हा उलटी झालती, म्हणजे होऊन गेलेली. आठला ओव्हर दिली, म्हणजे पुढच्या पाळीच्या हाती पेशंट सोपवले, तेव्हा तोंडी हेच बोलले, मॉर्निंगच्या सिस्टरला बरोब्बर कळलं. पण राऊंडला आलेल्या डॉक्टरांनी वाचलं ते इंग्रजी, आणि इंग्रजीत त्याचा अर्थ होतो की गोळी दिली आणि त्यावर उलटी झाली. साहजिकच ते म्हणाले गोळी बाहेर पडली असणार, परत द्या. मी तोवर चेंजिंग रूममध्ये, एक हात ड्रेसच्या बाहीत. इन-चार्ज सिस्टरांनी हाक मारली म्हणून बरं, नाहीतर आज्जींना बीपीच्या गोळीचा डबल डोस गेला असता. आज्जी मात्र कॉटवरनं म्हणत होत्या, अगं घेतली की मी गोळी, किती वेळा देताय.

इन-चार्ज रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की वेळ टाकत जा, साडेपाच व्हॉमिटेड, सहा टॅबलेट गिव्हन, काळाचा प्रश्नच येत नाही. आणि हे अगदी खरंय, वॉर्डच्या नोट्समध्ये घड्याळाइतकं चांगलं व्याकरण नाही. पण मला ते लागून राहिलं. कारण मराठीत मी जे एका "ती"नं सांगितलं, झाली आणि झालती, ते मला इंग्रजीत सांगता येत नव्हतं आणि येत नाही हे माहितीसुद्धा नव्हतं.

त्याच वर्षी मैत्रिणीच्या नादानं यूकेसाठी ओईटी द्यायचं ठरवलं. ओईटी म्हणजे नर्स-डॉक्टर लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, त्यात रायटिंगला पेशंटच्या केस नोट्स देतात आणि त्यावरून रेफरल किंवा डिस्चार्जचं पत्र लिहायचं, पाच मिनिटं वाचायला, चाळीस लिहायला, साधारण १८० ते २०० शब्द. पत्रात दर वाक्याला वेळ टाकत बसता येत नाही. तिथं काळ यावाच लागतो. ऑनलाइन क्लास लावला रात्री नऊचा, शिकवणाऱ्या मॅडम कोट्टायमच्या, क्लासमध्ये सगळ्या राज्यांच्या पोरी, त्यामुळे मराठीत विचारायची सोयच नाही.

आता करायला म्हणून हा काळ खरंच सोपाय. आपल्याकडे गेलो होतो, गेले होते, गेली होती, गेलं होतं, लिंग बघा वचन बघा, इंग्रजीत सगळ्यांना एकच हॅड, आय हॅड, शी हॅड, दे हॅड. हॅज आणि हॅवचा घोळसुद्धा इथं नाही. नकाराला हॅडन्ट, प्रश्नाला हॅड उचलून पुढे ठेवायचा. त्रास फक्त तिसऱ्या रूपाचा. मी एक तक्ता करून स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, डाळीचा डबा काढताना गो वेंट गॉन, साखर काढताना टेक टूक टेकन. तरी फॉल आणि फीलनं मला छळलं. फॉल फेल फॉलन, फील फेल्ट फेल्ट. एका पत्रात मी लिहिलं पेशंट हॅड फेल्ट डाऊन इन द बाथरूम, मॅडम हसू दाबत होत्या ते स्क्रीनवर दिसत होतं. आणि एकदा त्यांच्या नमुना पत्रात शी हॅड हॅड टू स्ट्रोक्स असं आलं तर मी छपाईची चूक समजून एक हॅड खोडला. दोन्ही लागतात. पहिला काळाचा, दुसरा हॅवचं तिसरं रूप. आपण नाही का म्हणत, तिला झटका आला होता, त्यातला "आला" हा दुसरा हॅड आणि "होता" हा पहिला, असं मी माझ्यापुरतं बसवून घेतलं.

खरी मारामारी वापरायची. उलटीच्या प्रकरणानंतर मी इतकी हॅडच्या मागे लागले की जिथं मराठीत होतं-होती-होते दिसेल तिथं हॅड. पहिलं पत्र असं होतं, द पेशंट हॅड कम टू ओपीडी यस्टरडे, डॉक्टर हॅड एक्झामिन्ड हिम, ही हॅड गिव्हन टॅबलेट्स. मॅडमनी प्रत्येक हॅडखाली लाल रेघ ओढली आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, बिफोर व्हॉट? कशाच्या आधी?

मला काय उत्तर देता येईना. पेशंट काल आला होता, बास. कशाच्या आधी म्हणजे काय, आजच्या आधी! मॅडम म्हणाल्या आजच्या आधी तर सगळाच भूतकाळ असतो, यस्टरडे लिहिलंस तिथंच साध्या भूतकाळाचं काम झालं. मी दोन दिवस ह्यावर चिडून होते. मग भांडी घासताना एकदम लक्षात आलं की दोष आपल्या "होते"चा आहे, म्हणजे दोष नाही, त्याचं कामच वेगळं आहे. आपण म्हणतो काल मी आईकडे गेले होते. ह्यात गेले आणि आलेपण, ते आता संपलं, एवढंच सांगायचं असतं. नुसतं काल मी आईकडे गेले म्हटलं की ऐकणारा वाट बघतो, गेलीस, मग पुढं काय? म्हणजे आपलं होते हे आजपासनं मोजलेलं असतं, आता ते तसं नाही, एवढंच. इंग्रजीतलं हॅड आजपासनं मोजत नाही, ते भूतकाळातल्याच दुसऱ्या एका खुंटीपासनं मागं मोजतं. खुंटी नसेल तर हॅड लटकवणार कशाला? म्हणून काल आईकडे गेले होते हे सरळ आय वेंट टू माय मदर्स प्लेस यस्टरडे. आपण सगळे जे आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे म्हणतो ते मराठी डोक्यानंच बोललेलं इंग्रजी आहे, कळतं सगळ्यांना, पण तिकडचा माणूस पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो, हॅड गॉन, आणि मग?

त्यानंतर पत्र लिहायला घेतलं की आधी खुंटी ठोकायची. बहुतेक वेळा ती म्हणजे ॲडमिशन. ऑन ॲडमिशन शी वॉज ड्राऊझी, हा साधा भूतकाळ, ही खुंटी. त्याच्या मागचं, शी हॅड मिस्ड हर इन्सुलिन फॉर टू डेज. आणि वॉर्डमध्ये जे जे पुढं झालं ते परत साधं, शी रिसिव्ह्ड, शी इम्प्रूव्ह्ड. एका पत्रात हॅड जास्तीत जास्त दोन-तीनदा येतो, त्याच्या वर गेला की मी परत तपासायचे.

उलट्या बाजूचा खड्डा पण निघाला. ती सहा वर्षांपासून गोळ्या घेत होती, ह्याचं मी लिहायचे शी वॉज टेकिंग टॅबलेट्स सिन्स सिक्स यर्स. आपल्या वाक्यात साधं घेत होती आहे, म्हणून मला वॉज टेकिंग वाटणारच. पण ॲडमिट होईपर्यंत सहा वर्षं चालू होतं, म्हणून तिथं शी हॅड बीन टेकिंग, आणि सिन्स नाही, फॉर. म्हणजे जिथं आपण होतो म्हणतो तिथं हॅड नको आणि जिथं आपल्याला सुचणारच नाही तिथं हॅड बीन. घ्या.

आणि तिसरं म्हणजे कुणी काय सांगितलं ते. आज्जी म्हणाल्या की गोळी घेतली. आपण माणसाचं बोलणं आहे तसं ठेवतो. इंग्रजीत म्हणाल्या भूतकाळात गेलं की आतली क्रिया आणखी एक पायरी मागे, शी सेड शी हॅड टेकन द टॅबलेट. हिस्टरी लिहिताना हे सारखं लागतं कारण पेशंट सगळं सांगतच असतो. आफ्टर आणि बिफोर असलं की हॅड घातला काय न घातला काय, दोन्ही चालतं असं मॅडम म्हणाल्या, कारण क्रम त्या शब्दातच आला. म्हणजे बघा, शाळेतला रोगी बिफोर द डॉक्टर केम नुसता डाइड झाला असता तरी चाललं असतं! आमच्या वहीतलं एकुलतं एक उदाहरण आणि त्यात हॅडची फारशी गरजच नव्हती. हॅड खरा लागतो व्हेनला, माझ्या उलटीच्या वाक्यासारखा, जिथं तो काढला की क्रमच उलटा होतो.

लिसनिंगला वेगळीच गंमत. ऑडिओतले लोक हॅड म्हणतच नाहीत, नुसता ड् चिकटवतात, शीड टेकन, हीड गॉन, आणि तो ड् बोलण्याच्या ओघात अर्धा गिळतात. वर वुडचासुद्धा तसाच ड्, शीड टेक. पुढचं क्रियापद ऐकूनच ठरवायचं, टेकन आलं तर हॅड, टेक आलं तर वुड. सुरुवातीला मी रडकुंडीला आले. मग एकदा आईचा फोन आला, जेवलीस का म्हणून, आणि मी म्हटलं जेवलते की मघाशी. आणि स्वतःचंच ऐकून थबकले. जेवले होते, जेवलते. गेले होते, गेलते. आला होता, आलता. आमच्या सांगली-कोल्हापूरकडं आम्ही जन्मभर "हो" गिळतोय की! शाळेत बाई ह्याच्यावरनं ओरडायच्या, शुद्ध बोला. त्या दिवसापासनं तो ड् मला जरा घरातला वाटायला लागला आणि खरंच जास्त ऐकू यायला लागला.

पहिल्या वेळेला रायटिंगमध्ये २९० पडले. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला रायटिंगला ३०० पुरतात, बाकी तिन्हीला, लिसनिंग-रीडिंग-स्पीकिंगला, ३५०, आणि माझे ते तिन्ही आले होते, म्हणजे दहानं गेलं. नवरा म्हणाला राहू दे आता, फीचे पैसे बघ. मी पुढच्या महिन्याच्या पगारातनं परत भरली आणि दुसऱ्या खेपेला ३३० आले. सगळं हॅडमुळं असं मी म्हणणार नाही, पहिल्या वेळी पत्रच फार लांबलं होतं आणि शेवटचा परिच्छेद घाईत झाला होता. पण दुसऱ्या वेळी लिहिताना कुठंही अडले नाही एवढं खरं.

अजून कागदपत्रं चालू आहेत, तोवर त्याच वॉर्डला आहे. परवा नाईटला एक नवीन पोरगी जोडीला होती, नुकतीच पास झालेली. पहाटे तिच्या नोट्स बघितल्या तर पेशंट हॅड स्लेप्ट ॲट टेन पीएम. मी म्हटलं, हॅड कशाला गं? कशाच्या आधी? तिनं घड्याळाकडं बघितलं, पेशंटकडं बघितलं, आणि घाबरत म्हणाली, सिस्टर, मग साडेनऊ लिहू का?