टिटलिस बंद, स्टान्स चालू

आकाश कॅलेंडरवर छापावं इतकं निळं होतं आणि रोपवे बंद. टूर मॅनेजरच्या आयुष्यात यापेक्षा वाईट सकाळ नसते. पाऊस असता, धुकं असतं, तर लोकांनी मुकाट्यानं मान्य केलं असतं. पण इथे डोंगर उन्हात लखलखत समोर उभा आणि मी स्वित्झर्लंडमधल्या एंगेलबर्गच्या पार्किंगमध्ये माईक हातात घेऊन सांगतेय, की आज टिटलिसवर जाता येणार नाही. कारण फ्योन. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून उतरणारा हा कोरडा, उबदार वारा खाली ओढणी उडवण्याइतकाच असतो, पण वर रोपवेचे डबे पाळण्यासारखे झुलवतो.

"मॅडम, ब्रोशरवर पहिल्या पानावर बर्फाचा फोटो आहे," नाशिकचे सर म्हणाले. "वाऱ्याचा नाही."

एकूण ४३ माणसं, मे महिन्यातली ग्रुप टूर, दिवस सहावा. सहाव्या दिवसापर्यंत थेपले संपलेले असतात आणि भांडणं सुरू झालेली असतात. आमच्याकडे ती पुढच्या सीटवरून होती. रोज सीट बदलायच्या हा नियम सगळ्यांना मान्य, फक्त स्वतःची पाळी मागे आली की अमान्य. ठाण्याच्या काकू आणि नाशिकचे सर दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

असा दिवस आला की ल्युसर्नला न्यायचं आणि घड्याळांच्या दुकानांत सोडायचं, ही ठरलेली वाट. पण सकाळी नऊ वाजता चिडलेल्या माणसांना दुकानांत सोडलं की संध्याकाळी ती जास्त चिडून परत येतात. परतीच्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटांवर स्टान्स गाव आहे, तिथे मी एकदा माझ्या सुटीच्या दिवशी एकटीच उतरले होते. इतिहासात एम. ए. केलंय, त्याचा या नोकरीत उपयोग साधारण शून्य. म्हटलं, आज करून बघू. ड्रायव्हरला विचारलं, त्यानं खांदे उडवले. म्हणजे चालेल.

स्टान्सच्या चौकात एका दगडी कमानीखाली संगमरवरी शिल्प आहे. फर्डिनंड श्लोट या शिल्पकाराचं, १८६५ मधलं. खाली एक मेलेला माणूस, त्याच्यावर कोसळलेला आर्नोल्ड विंकेलरीड, शत्रूच्या भाल्यांचा जुडगा त्यानं छातीशी कवटाळलाय, आणि या दोघांना ओलांडून पुढे झेपावणारा तिसरा. गोष्ट अशी सांगतात: ९ जुलै १३८६, सेम्पाखची लढाई. ऑस्ट्रियाचा ड्यूक तिसरा लिओपोल्ड याच्या सरदारांनी घोड्यावरून उतरून लांब भाल्यांची भिंत केली. स्विस शेतकऱ्यांकडे हॅलबर्ड, म्हणजे एकाच दांड्यावर कुऱ्हाड, टोक आणि आकडा. जवळ गेलं तर भयंकर हत्यार, पण जवळ जायचं कसं? तेव्हा विंकेलरीड म्हणाला, माझ्या बायकामुलांकडे बघा, आणि हातांत मावतील तेवढे भाले ओढून स्वतःच्या छातीत घेतले. भिंतीला भगदाड पडलं, मागचे आत घुसले. लिओपोल्ड तिथेच मारला गेला. लिओपोल्डचं मरण इतिहास आहे. विंकेलरीड मात्र दंतकथा असावा, कारण लढाईच्या काळातल्या लिखाणात त्याचं नाव नाही, ते येतं थेट सोळाव्या शतकात.

"म्हणजे यांचा बाजीप्रभू," ठाण्याच्या काकू म्हणाल्या.

"उलटा," मागून आवाज आला. कोल्हापूरचे काका. सहा दिवसांत ते जेवणाच्या वेळा सोडून काही बोलले नव्हते. "बाजींनी वाट अडवली. ह्यानं वाट पाडली." मग शिल्पाकडे बघत, "पण मला एक सांग पोरी. भाले हरलेल्यांच्या हातात हायती. मग जिंकलेल्यांनी भाला कधी धरला?"

दहा वर्षांत मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. एरवी टॉयलेट कुठे, वायफाय आहे का.

सांगितलं. १४२२ मध्ये आर्बेदोच्या लढाईत मिलानच्या सेनापतीनं आपल्या घोडेस्वारांना खाली उतरवलं आणि त्यांच्या लांब भाल्यांपुढे स्विसांचे हॅलबर्ड तोकडे पडले. त्यानंतर स्विसांनी आपल्या फौजेत लांब भाल्यांची संख्या वाढवली. इंग्रजीत त्याला पाईक म्हणतात, इथल्या जर्मनमध्ये लांगश्पीस. पाच-साडेपाच मीटरचा अ‍ॅश झाडाचा दांडा, पुढे निमुळता होत गेलेला, टोकाला वीतभर पोलाद.

"पाईक तर आपला शब्द," सासवडच्या आजी म्हणाल्या. घरात पिढ्यान्‌पिढ्यांची वारी. "तुकोबांचे पाइकाचे अभंग आहेत की. धन्यासाठी जीव देतो तो पाईक."

मी सांगितलं, की आजी, आपला पाईक म्हणजे माणूस, पायदळातला शिपाई. यांचा पाईक म्हणजे हत्यार. नुसता आवाज सारखा, नातं काही नाही. आजींना ते पटलं नाही. "माणूस काय आणि हत्यार काय," म्हणाल्या आणि बाकावर टेकल्या.

साडेपाच मीटर म्हणजे किती हे तोंडानं सांगून कळत नाही. चौकातल्या एका इमारतीच्या वरच्या खिडक्या एक माणूस खालूनच धूत होता, अ‍ॅल्युमिनियमच्या एकात एक सरकणाऱ्या लांब काठीनं, टोकाला ब्रश आणि पाण्याची नळी. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, दोन मिनिटं देता का? त्यानं मला, शिल्पाला आणि मागच्या गर्दीला बघितलं, पाणी बंद केलं, नळी सोडवली आणि काठी माझ्या हातात दिली.

उभी धरली तोवर ठीक. आडवी केली आणि टोक सरळ फरशीवर आपटलं. ब्रश फुटला नाही हे नशीब. पुन्हा उचलली, मनगटं भरून आली, टोक डावीकडे-उजवीकडे असं डोलायला लागलं, की बाजूच्या कॅफेतल्या बाईनं स्वतःचा कप उचलून घेतला.

"अशी न्हाई धरत," काका पुढे आले. त्यांनी लहानपणी तालमीत मर्दानी खेळ केलेले. "मागचा हात बुडाला ने. त्यानं खाली दाब. पुढचा हात नुस्ता टेकू. रहाटाचा दांडा असतो बघ, तसं." त्यांनी धरली तेव्हा काठी आडवी राहिली. डोललीच, पण कमी. सत्तरीचा माणूस, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, मानेची शीर ताठ. ही काठी तर पोकळ होती. खरा दांडा भरीव लाकडाचा, तीन किलोच्या आसपास किंवा त्याहून जड, आणि समोरून घोडे येतायत.

मग काठी परत माझ्याकडे दिली, स्वतःची छत्री घेतली आणि म्हणाले, "आता मला मार."

मी टोक त्यांच्याकडे वळवेपर्यंत ते बाजूला झाले होते. पुन्हा वळवलं, तर दांड्याला डाव्या हातानं ढकलून ते आत शिरले, चार पावलं टाकली आणि छत्रीनं माझ्या खांद्यावर हलकेच टकटक केलं.

"मेलीस."

सगळे हसले. खिडक्यावालाही.

"ह्याचा उपेग काय मग?" काकांना खरंच राग आला होता. "आमचा विटा बघ. भाल्याला दोरी, दोरी मनगटाला. फेकायचा, ओढून घ्यायचा, एकटा माणूस चार जणांना भारी. आणि हे फेकायचं न्हाई, फिरवायचं न्हाई."

एकट्यानं उपयोग शून्य, हेच तर. मी काठी परत केली, आभार मानले, आणि लोकांना म्हटलं, सहा-सहाच्या चार रांगा करा. हातात जे असेल ते. छत्र्या निघाल्या, दोन चालायच्या काठ्या निघाल्या आणि सेल्फी स्टिका तर इतक्या, की सैन्य सुसज्ज म्हणावं. पहिल्या रांगेनं छत्र्या पुढे रोखल्या. दुसरीनं पहिलीच्या खांद्यांमधून. चौथ्या रांगेला तुम्हाला पुढे काहीच पोचत नाही असं सांगावं लागलं, पण साडेपाच मीटरचा दांडा असता तर पोचलं असतं, पहिल्या माणसाच्याही पुढे. आता काकांना म्हटलं, या.

ते छत्री घेऊन आले. पहिलं टोक ढकललं, तर दुसऱ्या रांगेतली सेल्फी स्टिक थेट छातीशी. ती चुकवली, तर शेजारच्याची. थांबले.

"हां," म्हणाले. फक्त एवढंच.

पहिल्या रांगेत योगायोगानं नाशिकचे सर आणि ठाण्याच्या काकू खांद्याला खांदा लावून उभे होते. स्विसांचं बघून सम्राट माक्सिमिलियननं जर्मनीत अशाच भालाईतांच्या पलटणी उभारल्या, लांड्सक्नेख्ट, तिथे पुढच्या रांगांत उभं राहणाऱ्याला दुप्पट पगार असे. मी म्हटलं, पुढच्या सीटसाठी भांडायचं तर असं भांडा. काकूंनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "मी मागे जातो."

आता चालायचं. उभं राहणं कुणालाही जमेल. स्विसांचा दरारा होता तो ही अख्खी भिंत झपाट्यानं चालत अंगावर येण्याचा. तीन पावलांत आमची भिंत फुटली, कारण कुणीतरी फोटो काढायला थांबलं आणि मागच्याची छत्री त्याच्या कानाशी गेली. पुन्हा केलं, पुन्हा फुटली. मग पुण्याच्या एका मुलीनं स्टीलची पाण्याची बाटली काढली आणि चावीनं त्यावर ठेका धरला. ढोल-पथकातली होती. पावलं पडायला लागली. चौक ओलांडून कमानीपर्यंत चोवीस माणसं एका तालात आली, वीस-पंचवीस पावलं असतील. माझ्या अंगावर काटा आला हे मी कबूल करते. समोर उभी मी एकटी होते आणि हातात कंपनीचा झेंडा.

स्विसही ढोलांवरच चालायचे. या चालीनं त्यांनी बर्गंडीच्या चार्ल्सला संपवलं, त्या काळी युरोपातल्या सर्वांत श्रीमंत सरदारांपैकी एक. इथे म्हण आहे: ग्रँडसनला त्यानं माल गमावला, मुर्टेनला हिंमत, नान्सीला रक्त. पहिल्या दोन लढाया १४७६ च्या, तिसरी जानेवारी १४७७ ची, तिच्यात तो मेला. पुढची चाळीसेक वर्षं युरोपातला प्रत्येक राजा स्विस भालाईत भाड्यानं घ्यायला धडपडत होता. मग १५२२ मध्ये मिलानजवळ बिकोकाला याच पलटणी त्याच चालीनं खंदकावर आणि मातीच्या बांधावर चालून गेल्या. बांधामागे बंदुका होत्या. तीनेक हजार माणसं पडली. त्यानंतरही पाईक दीडशेहून अधिक वर्षं टिकला, पण बंदूकवाल्यांचं कुंपण म्हणून. बंदूक भरायला वेळ लागतो, तेवढ्यात घोडे अंगावर येऊ नयेत एवढ्यासाठी. बंदुकीच्याच तोंडाला संगीन बसली, तिच्यासकट गोळी झाडता यायला लागली, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पाईक सुटला.

हे सगळं मी बसमध्ये माईकवर सांगितलं. निम्मे झोपले होते.

दुपारी ल्युसर्नला सिंहाच्या स्मारकापाशी नेलं. इथे मी किती वेळा आलेय याची गणती नाही. खडकात कोरलेला मरणारा सिंह, १७९२ च्या १० ऑगस्टला पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राजाचा वाडा राखताना मेलेल्या स्विस सैनिकांसाठी. दहा मिनिटं, ग्रुप फोटो, पुढे. आज काका कठड्याशी थांबून राहिले.

"त्याच्या कुशीत काय मोडलंय?"

भाला. मोडलेला भाला. मी हे वाक्य प्रत्येक ग्रुपला पाठ म्हणते आणि कधीच थांबून विचार केला नव्हता. त्या दिवशी वाड्यात उभ्या असलेल्या स्विसांच्या हातात बंदुका होत्या. आणि बाहेरून चालून आलेल्या पॅरिसच्या लोकांपैकी कितीतरी जणांकडे पाईक होते. क्रांतीच्या काळात सामान्य माणसाचं तेच हत्यार होतं, लोहारानं ठोकून दिलेलं टोक आणि एक दांडा. ज्यांच्या पणजोबा-खापरपणजोबांनी युरोपला पाईक चालवायला शिकवला, त्यांच्यावर शेवटी तोच रोखला गेला. शिल्पाचा आराखडा करणाऱ्या थोरवाल्डसनच्या मनात हे असेलच असं नाही. पण मी हे काकांना सांगितलं, आणि सांगताना माझाच आवाज जरा वेगळा झाला.

आजी खालची अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होत्या. लॅटिन. स्विसांच्या निष्ठेला आणि शौर्याला, असं वर लिहिलंय. खाली अधिकाऱ्यांची नावं.

"आणि शिपायांची?"

शिपायांचा फक्त आकडा आहे, रोमन अंकांत. मेलेले साधारण ७६०, वाचलेले ३५०.

"पगारी होते ना गं हे?"

"हो आजी."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, "असू दे. पाईकच म्हणायचं," आणि बसकडे निघाल्या. सव्वाचारला मी बसच्या दारात उभी राहून माणसं मोजली. बेचाळीस. पुन्हा मोजली, बेचाळीस. त्रेचाळिसावे नाशिकचे सर, चॉकलेटच्या दोन पिशव्या सांभाळत धावत आले, आणि ठाण्याच्या काकूंनी शेजारच्या सीटवरची पर्स उचलली.