तू पूर्वी वाचायचीस तशी

वहिनीचा मेसेज सकाळी आला आणि आता रात्र झाली तरी माझं डोकं तिथेच अडकलंय. तसं बघायला गेलं तर काहीच नाहीये त्यात. छोटीच्या वाढदिवसाला पुस्तकं द्यायचीत, काहीतरी सुचव ना, हल्ली खूप वाचते ती, अगदी तू पूर्वी वाचायचीस तशी. आणि खाली एक हसरं तोंड.

वहिनीच्या मनात काही नव्हतं, एवढं मी तिला ओळखते. तिला टोमणा मारायचाच असता तर तिने फोन केला असता. तिने कौतुकच केलंय, छोटीचंही आणि माझंही. फक्त माझं जुनं खातं बंद करून कौतुक केलंय.

मग मी काय करावं? भलामोठा रिप्लाय टाईप करत बसले. विचारलं होतं चार नावं सांग म्हणून, मी सुरुवातच केली काय घेऊ नये इथून. सध्या सगळीकडे गाजतंय ते घेऊ नको, जी एवढी वाचते तिने ते गाजायच्या आधीच वाचलेलं असणार. तिच्या कपाटाचा फोटो काढ, ज्या पुस्तकांच्या पाठीवर घड्या पडल्यात ती तिने परत परत वाचलेली आहेत, त्या लेखकांचं अजून काय आहे ते बघ. एखाद्या मालिकेतला मधलाच भाग तिच्याकडे नसेल तर तो डोळे मिटून घे, म्हणजे डोळे मिटून नको, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक, जुळवून घे, कारण जाड पुठ्ठ्याच्या आवृत्तीचा नंबर वेगळा, पेपरबॅकचा वेगळा, ईबुकचा आणखी वेगळा, आणि एका संचातला एकच भाग दोन बोटं उंच आला तर वाचणाऱ्या माणसाला कपाटाकडे बघवत नाही. जुन्या पुस्तकावर दहाच आकडे दिसले तर घाबरू नको, तेरा आकडी नंबर २००७ पासून सुरू झाले. अनुवाद घेणार असशील तर लेखकाच्या आधी अनुवादकाचं नाव वाच, आणि एकाच कादंबरीचे दोन अनुवाद मिळत असतील तर दोन्हींची पहिली पाच पानं वाचून मगच ठरव. पहिल्या पानावर पेनाने शुभेच्छा लिहू नको, चिठ्ठी ठेव आत, निघालंच तिच्याकडे ते पुस्तक तर निदान बदलून घेता येईल.

यावर वहिनीने अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

आणि मला परत तेच. पूर्वी वाचायचीस तशी. म्हणजे विचारायचं मला, वाचायचं छोटीने. रिटायर झालेल्या खेळाडूला कॉमेंट्रीला बसवतात ना, तसं झालंय माझं.

दादा मधेच ग्रुपवर येऊन म्हणाला पुस्तकं कशाला, ई-रीडरच देऊ. वाईट कल्पना नाहीये, त्याच्या कागदासारख्या दिसणाऱ्या ई-इंकच्या स्क्रीनला चित्र तसंच धरून ठेवायला वीज लागत नाही, पान बदलताना तेवढी खर्च होते, त्यामुळे चार्जिंगची फारशी कटकट नसते. पण ईबुक म्हणजे बहुतेक वेळा वाचायचा परवाना असतो, आपल्या मालकीचं पुस्तक नव्हे. वाचून झालं की मैत्रिणीला देऊन टाकलं असं होत नाही. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या भानगडीमुळे विकलेली पुस्तकं लोकांच्या किंडलमधून, म्हणजे त्यांच्याच ई-रीडरमधून, परस्पर काढून घेतली होती, पैसे परत दिले पण पुस्तकं गेली, आणि त्यात होती काय तर ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी, नको तो मजकूर गायब करणाऱ्या सरकारची गोष्ट! हे मी दादाला लिहिलं. दादा म्हणाला तू फार विचार करतेस.

असेन करत.

पुस्तकांशिवाय काय देता येईल तेही सांगितलं मी, कुणी विचारलं नव्हतं तरी. वाचणाऱ्या माणसाला लोक वाचणाऱ्या माणसाचं चित्र असलेल्या वस्तू देतात, कॉफीचे मग, पिशव्या, उश्या, त्यातलं काही नको. धातूच्या क्लिपवाल्या खुणा नकोत, पानावर वळ उठतो. त्या रंगीत चिकटपट्ट्याही नकोत, काढल्या तरी गोंद कागदावर राहतो. मऊ शिसाची पेन्सिल दे, कागदाची साधी खूण दे, पुस्तक उघडं धरून ठेवणारा स्टँड दे म्हणजे जाड पुस्तक छातीवर पेलत वाचावं लागणार नाही. आणि क्लिपचा दिवा. पिवळसर उजेडाचा, मान वळणारा, उजेड कमीजास्त करता येईल असा.

दिव्यापाशी मात्र माझी बोटं थांबली. छोटीला कशाला हवाय दिवा, ती रस्त्यावरच्या खांबाच्या उजेडात वाचेल, तिला अजून चाळिशी लागायची आहे. साध्या पुस्तकातला टाईप दहा-बारा पॉइंटचा असतो, मोठ्या टाईपाची म्हणून जी काढतात ती साधारण सोळाच्या पुढची, आणि मी हल्ली पुस्तक उघडलं की आधी अक्षर बघते, मग मजकूर. हे कुणाला सांगितलेलं नाही.

पण सगळा दोष डोळ्यांवर टाकण्यात अर्थ नाही, चष्मा आहे की. ते एक वर्ष गेलं तसं गेलं, त्यानंतर संध्याकाळी पुस्तक घेऊन बसलं की कान दुसऱ्या खोलीकडेच असायचे, आणि आता त्या खोलीत कुणी नाही तरी कान तिकडेच असतात. असो.

मला शेवटचं पुस्तक कुणी दिलं तेही आठवत नाहीये. तुझ्याकडे असेलच, म्हणतात सगळे. मग डायरी देतात. ही त्यातलीच एक.

हे लिहून झाल्यावर जरा हसूच आलं. पेनाक नावाच्या एका फ्रेंच लेखकाने १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क लिहून ठेवलेत, त्यात पहिलाच हक्क आहे न वाचण्याचा. दुसरा पानं गाळण्याचा. तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. म्हणजे मी वाचायची थांबलेली वगैरे काही नाहीये, मी पहिले तीन हक्क मनापासून बजावतीये एवढंच. शिवाय परत वाचण्याचाही आहे त्यात, तो तर मी केव्हापासून बजावतीये, उशाशी तीच दोन पुस्तकं आहेत आणि ती कुठेही उघडली तरी चालतं.

आणि छोटी वाचते तेही काही माझ्यासारखं नाही, उगाच तुलना. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जायचे, प्रस्तावनासुद्धा सोडायचे नाही. ती आधी शेवट वाचते, मग आवडला तर पुस्तक. आत्या, तू हे वाचलंयस का विचारते, आणि मी मोघम हसते, तर तिला वाटतं वाचलंय.

शेवटी वहिनीला नावं पाठवली. नीट विचार करून पाठवली, एक हलकंफुलकं, एक तिला आत्ता जड जाईल पण दोन वर्षांनी हाताशी असलेलं बरं असं, एक प्रवासवर्णन कारण नकाशांवर तासन् तास बसते ती. एक मात्र मुद्दाम टाकलं नाही. तिला नक्की आवडेल असं तेच आहे खरं तर, पण माझं ते मध्यावर अडकलंय आणि छोटीच्या हातात पडलं तर ती दोन दिवसांत संपवून मला फोन करेल, आत्या तुला शेवट कसा वाटला. आधी मी संपवते. नाहीतर पुढच्या महिन्यात देऊनच टाकते, ती शेवटापासूनच सुरुवात करणार आहे, निदान मला तरी कळेल काय झालं ते.