विश्वासांगिकारातली एक ओळ

रविवार, रात्री

आजही चर्चमध्ये सगळ्यांबरोबर विश्वासांगिकार, म्हणजे आपल्या विश्वासाची ठरलेली कबुली, म्हणताना 'शरीराचे पुनरुत्थान' या शब्दांपाशी माझा आवाज थांबला. ताई गेल्यापासून हे असंच चाललंय. बाकीचा विश्वासांगिकार म्हणता येतो. पंतय पिलाताचं नाव येतं, क्रूस येतो, कबर येते, तिथवर काही अडत नाही. शेवटच्या ओळी आल्या की मात्र ताईचे शेवटचे दिवस डोळ्यांपुढे येतात आणि शब्द फुटत नाही. देवासमोर उभं राहून जे आतून येत नाही ते कसं म्हणायचं?

माझ्या मागच्या बाकावर मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, खजिनदार बसतात. आवाज भसाडा, सगळ्यांच्या पुढे पळणारा, पण एकही शब्द गाळत नाहीत. मी थांबते तेव्हा मला त्यांचाच आवाज ऐकू येतो. हेच गृहस्थ इमारत निधीचा हिशेब विचारला की विषय बदलतात. गेल्या वार्षिक सभेत मी विचारलं, तर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईंनी आकडेमोडीत पडू नये." त्यावर काही जण हसले. ते हसू मला त्या वाक्यापेक्षा जास्त लागलं. हिशेब अजून आलेला नाही, त्यांना खंत वाटल्याचंही दिसलेलं नाही.

मला त्यांचा राग आहे. आणि जी ओळ मला म्हणवत नाही ती दर रविवारी ते म्हणतात आणि मी ऐकते. दोन्ही खरं आहे.

दुपारी भाची आली होती. तिने सरळच विचारलं, "मावशी, आई बरी होणार म्हणून हेच लोक छातीठोक सांगत होते ना? आणि ती गेल्यावर म्हणाले की विश्वास कमी पडला. तू अजून कशी जातेस तिथे?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. तिच्या प्रश्नातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. 'विश्वास कमी पडला' हे शब्द ज्या बाईंनी काढले त्यांना मी तेव्हाच सांगितलं होतं की हे शास्त्राला धरून नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? त्या बाई गप्प बसल्या. पण भाचीच्या कानावर जे पडायचं ते पडून गेलं होतं.

सोमवार

सकाळी करिंथकरांस पहिलं पत्र, पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं, काढून बसले. आपल्या मंडळीला नावं ठेवावीशी वाटली की मी हे पत्र वाचते. काय नव्हतं त्या मंडळीत? मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा असे तट. एकमेकांविरुद्ध कोर्टकचेऱ्या. उघड अनीती, वर त्याचा तोरा. आणि प्रभुभोजनाला जमल्यावर एक जण उपाशी, तर दुसरा पिऊन तर्र! पौल यातलं काही झाकत नाही, चांगली खरडपट्टी काढतो. तरी पत्राच्या सुरुवातीला त्यांना 'देवाची मंडळी' म्हणतो आणि अखेरपर्यंत ते नाव काढून घेत नाही.

लग्नात वाचला जाणारा तो प्रीतीचा अध्याय याच लोकांना लिहिलेला आहे. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्यांना.

बुधवार

उत्तर आफ्रिकेतल्या मंडळीचं भांडण पुन्हा वाचलं. 303 मध्ये सम्राट डायोक्लेशियनने हुकूम काढला की शास्त्राच्या प्रती जाळून टाका. छळाच्या भीतीने काही धर्मगुरूंनी पोथ्या काढून दिल्या. छळ सरल्यावर प्रश्न आला, अशा हातांनी दिलेला बाप्तिस्मा खरा कसा मानायचा? डोनॅटस नावाच्या बिशपच्या बाजूचे म्हणाले, मानायचाच नाही, मंडळी शुद्धच हवी. त्यांचा संताप मला समजतो. ज्यांच्या घरची माणसं शास्त्रासाठी मेली, त्यांनी पोथी देऊन जीव वाचवणाऱ्याच्या हातून भाकर कशी घ्यावी?

तिथल्याच बिशप ऑगस्टिनने उत्तर दिलं की हात कुणाचाही असो, बाप्तिस्मा ख्रिस्त देतो. येशूच्या दाखल्यातले गहू आणि निदण, म्हणजे तण, कापणीपर्यंत एकाच शेतात वाढणार, उपटायची घाई आपण करू नये. 411 मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे शेकडो बिशप समोरासमोर बसले आणि निकाल डोनॅटसवाल्यांच्या विरोधात गेला. मला ऑगस्टिनचं म्हणणं पटतं. पण त्याच ऑगस्टिनने पुढे त्या लोकांवर सरकारी सक्ती करायला पाठिंबा दिला, ते मला मुळीच पटत नाही. ज्याने मला अपूर्ण माणसांच्या मंडळीत राहायला शिकवलं, तोही अपूर्णच होता.

शुक्रवार

येशूचा शिष्य थोमा याच्याबद्दल आपण नेहमी एवढंच बोलतो की त्याने शंका घेतली. माझं लक्ष आज दुसऱ्याच गोष्टीवर गेलं. मेलेल्यांतून उठलेला येशू शिष्यांना भेटला त्या पहिल्या संध्याकाळी तो तिथे नव्हता. बाकीच्यांनी सांगितलं, आम्ही प्रभूला पाहिलं, आणि त्याने साफ सांगितलं, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता, त्याच बंद दारांच्या आत. त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं आणि तोही उठून गेला नव्हता. आणि ते बाकीचे तरी कोण होते? प्रभूला धरलं तेव्हा पळून गेलेले. एकाने तर तीनदा नाकारलेलं. थोमाला त्यांच्या साक्षीवर भरवसा ठेवायला कारण कमीच होतं. पण प्रभू भेटला तो त्यांच्यामध्ये बसलेला असताना.

रात्री भाचीला फोन करून हे सगळं सांगितलं. म्हटलं, माझा विश्वास सध्या माझ्या एकटीच्याने पेलत नाही. मला म्हणवत नाही ते दुसरे म्हणतात, म्हणून मी जाते. ती माणसं चांगली आहेत म्हणून नाही.

ती म्हणाली, "आणि कुणी मुलांना, बायकांना त्रास देत असेल तरी असंच राहायचं का?"

नाही, अजिबात नाही. तिथे पोलिसांत जायचं. मंडळीचं नाव जाईल म्हणून पांघरूण घालायचं नाही, आणि ज्याला इजा झाली त्याला 'टिकून राहा' असं सांगायचा हक्क कुणालाच नाही. मी बोलते आहे ते तट, उर्मटपणा आणि न दिलेल्या हिशेबांबद्दल.

"मी येईन असं नाही म्हणत," ती म्हणाली. मी म्हटलं, नको येऊस, पण विचारत राहा.

पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे. इमारत निधीचा प्रश्न या वेळी लेखी देणार आहे, दोन सभासदांच्या सह्या मिळाल्या आहेत. सभेची सुरुवातीची प्रार्थना मी करावी असं पाळकांनी सुचवलंय. मी हो म्हटलं.