वुल्फ स्ट्रीटच्या अलीकडे आणि पलीकडे

बाल्टिमोरच्या मेट्रोचं पूर्वेकडचं शेवटचं स्थानक म्हणजे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय. वर आले, तर ब्रॉडवेवर लाल विटांची जुनी इमारत आणि तिचा घुमट. रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झालं, ते इथे. घुमटाखाली येशूचा साडेदहा फुटी संगमरवरी पुतळा आहे. रुग्णांचे नातेवाईक त्याच्या पायांना हात लावतात, क्षणभर थांबतात आणि आत जातात. मीही थांबले.

हॉपकिन्स हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे व्यापारी. १८७३ मध्ये ते वारले, तेव्हा विद्यापीठ आणि रुग्णालय यांच्यासाठी त्यांनी ७० लाख डॉलर ठेवले होते. विद्यापीठ १८७६ मध्ये उभं राहिलं, पण रेल्वेच्या शेअर्सचं उत्पन्न आटलं आणि वैद्यकीय महाविद्यालय रखडलं. ते मार्गी लावलं बायकांनी. मेरी गॅरेट, केरी थॉमस आणि त्यांच्या मैत्रिणींनी गावोगावी समित्या करून १ लाख डॉलर जमवले. तरीही कमी पडले, तेव्हा गॅरेटबाईंनी स्वतःचे ३ लाखांहून अधिक घातले. अट एकच नव्हती. मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश हवा, शिवाय येणाऱ्या प्रत्येकाकडे आधीची पदवी हवी. अमेरिकेतल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत तेव्हा पदवीची गरजच नसे! म्हणजे या संस्थेचा जो दर्जा जगाने वाखाणला, त्याच्या मुळाशी या बायकांचा हट्ट आहे. १८९३ च्या पहिल्या तुकडीत १८ विद्यार्थी होते, त्यांत ३ मुली. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या त्या जवळच्याच फिलाडेल्फियात, पण फक्त स्त्रियांसाठीच्या महाविद्यालयात. त्या शेजारी हा बदल किती मोठा, ते कळतं.

याच रुग्णालयात कृष्णवर्णीयांचे वॉर्ड वेगळे होते. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स इथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार घेत होत्या. त्यांच्या पेशी त्यांना न विचारता प्रयोगशाळेत गेल्या आणि आजही जगभर वाढवल्या जातात. घरच्यांना कित्येक वर्षं पत्ताच नव्हता. इथला इतिहास सांगताना हे गाळता येणार नाही.

मागच्या बाजूने बाहेर पडलं की वुल्फ स्ट्रीट. रस्ता ओलांडला की सार्वजनिक आरोग्याची शाळा. वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता विल्यम वेल्च यांनीच ती १९१६ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशातून काढली. आरोग्य हा डॉक्टरकीतला एखादा पेपर न राहता त्याची स्वतंत्र शाळा हवी, हा त्यांचा आग्रह. वर्ग सुरू झाले ऑक्टोबर १९१८ मध्ये, ऐन फ्लूच्या साथीत. त्याआधी महिनाभरच वेल्च डेव्हन्सच्या लष्करी छावणीत त्या साथीचे मृतदेह पाहून आले होते. देवीच्या निर्मूलनाची जागतिक मोहीम चालवणारे डी. ए. हेंडरसन पुढे १९७७ मध्ये इथेच अधिष्ठाता झाले.

मी मात्र इथवर आले ती आपल्या माणसांसाठी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथे कार्ल टेलर यांच्याकडे शिकले आणि १९७० मध्ये थेट दुष्काळी जामखेडला गेले. गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८४ मध्ये इथली पदव्युत्तर पदवी घेतली आणि दोन वर्षांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावातल्याच बाईने घरी जाऊन बाळ तपासायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं. या पद्धतीने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं हे काम देशभरच्या आशाताईंकडे गेलं.