साडेतीन हजारांचा चेक

परवा वहिनी फोनवर म्हणाली, "तुमच्या अमेरिकेत बरंय बाई, म्हाताऱ्यांचं सगळं सरकारच बघतं." मी काही बोलले नाही. त्याच दुपारी मी शेजारच्या आजींच्या किचन टेबलवर त्यांच्या मुलीबरोबर पाच वर्षांची बँक स्टेटमेंट्स महिनेवार लावत बसले होते.

आजी ८३ वर्षांच्या. इथेच न्यू जर्सीत शाळेच्या ऑफिसात सगळी नोकरी झाली, बेताची पेन्शन, आजोबा गेल्यावर घर विकून आलेले पैसे बँकेत. हिवाळ्यात पडल्या, खुबा मोडला. मेडिकेअरने, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, हॉस्पिटलचं बिल बरंचसं भरलं, पुढे रिहॅबचंही, म्हणजे परत उभं राहायला-चालायला शिकवतात तिथलं, पण ते जास्तीत जास्त १०० दिवस आणि त्यातही २० दिवसांनंतर रोजचा मोठा वाटा आपला. मग पुढे? नुसती आंघोळ घालायला, बाथरूमला न्यायला, भरवायला माणूस लागत असेल तर मेडिकेअर त्याचे पैसे देत नाही. नर्सिंग होमच्या प्रायव्हेट रूमचा खर्च जेनवर्थ या विमा कंपनीच्या २०२३ च्या सर्व्हेत देशभर मिळून मध्यावरचा आकडा म्हणून वर्षाला १,१६,८०० डॉलर होता. आजींची शिल्लक दोन वर्षंसुद्धा पुरणार नाही.

नर्सिंग होमचा खर्च उचलतं ते मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची योजना. त्यासाठी आमच्या राज्यात एकट्या माणसाकडे साधारण २,००० डॉलरच्या वर शिल्लक नको. म्हणजे आयुष्यभर काटकसर करून साठवलेलं आधी संपवायचं. त्याला इथे 'स्पेंड डाऊन' म्हणतात, अगदी किराणा आणायला चाललोय अशा सुरात म्हणतात, आणि माझ्या अंगावर काटा येतो.

शिवाय मागच्या पाच वर्षांत कुणाला पैसे दिलेत का, तेही तपासतात. २०२२ च्या एका पानावर साडेतीन हजारांचा चेक सापडला. मुलीने आजींना फोन लावून विचारलं तर म्हणाल्या, अगं, नातीच्या कॉलेजची पहिली फी नाही का भरली. आता तो चेक 'गिफ्ट' म्हणून धरला गेला तर त्या हिशोबाने काही दिवस मेडिकेड पैसे देणार नाही. नातवंडाला आजीने काही दिलं ह्याचा जाब द्यावा लागतो! आमची आई माझ्या भाचीला येताजाता काय काय देत असते, कधी कुणी मोजलं नाही.

पण आपल्याकडे सगळं छान आहे असंही मी म्हणणार नाही. सांगलीत आईला ब्युरोची २४ तासांची बाई आहे, ती परवडते कारण इथून डॉलर जातात. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झालं तर कामाचं, बाईच्या पगाराला नाही. दादाच्या पेन्शनवर तो पगार निघाला नसता, आणि बाई सुट्टीवर गेली की रात्री उठते ती वहिनीच. मी तिथे नाहीये हे मला माहितीये, पण मी इथे नसते तर ती बाईही नसती, हे मी मनापासून सांगते, कुणाला पटो न पटो.

इथल्या नर्सेस मात्र खरंच चांगल्या आहेत. आजींना रोज "आज कुठला स्वेटर घालायचा?" असं विचारूनच कपडे घालतात.

शनिवारी परत जायचंय, २०२१ चे चार महिने सापडत नाहीयेत.